अब्रू कोणाची?

आमच्या झाडीपट्टीत वडसा म्हटलं की आधी नाटकं आठवतात. सरकारी कागदावर त्याच गावाचं नाव देसाईगंज. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. आई-बाप नसलेली, मजुरी करणारी, जेमतेम चौदा-सोळा वर्षांची पोर.

आमच्या गावच्या पारावर ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली. "रातच्यानं ठाण्यात गेलीच कायले? टाळी का एका हातानं वाजते?" ती आपणहून गेली नव्हती. भावाच्या तक्रारीवरून तिला जबाबासाठी बोलावलं होतं. पण हे पारावर कोणी सांगत नसे.

पुढे खटल्याची हकिकत वाचली तेव्हा कळलं, की कोर्टातही पारावरचंच बोलणं झालं. १९७४ साली सेशन कोर्टाने तिच्या आधीच्या संबंधांवर बोट ठेवून आरोपींना सोडलं. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणून ती रद्द केली.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीत संबंध सिद्ध झाला आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं. पीडितेचं नाव छापणंही गुन्हा ठरलं. या मुलीचं नाव मात्र तोवर देशभर झालं होतं. मी ते इथे लिहीत नाही.

कायदा बदलला, पण आपली बोली? घर फोडलं तर अब्रू चोराची जाते. इथे मात्र "तिची अब्रू गेली" म्हणतात. ती विहिरीवर आली की बायका गप्प होतात, जमलेली सोयरीक मोडते. म्हणून मायच लेकीला सांगते, "चूप राय बाई, कोणाले सांगू नको." ठाण्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

अब्रू गेली असेल तर ती करणाऱ्याची. एवढं एक वाक्य आपल्या पारावर सरळ बोललं जायला हवं.