ट्रॅक्टरमागचा स्प्रेडर : मोजमाप, सुरक्षित वापर आणि निगा

न्यू जर्सीत घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात हिरवळीला खत घालण्यास कायद्याने मनाई आहे. ही मुदत संपली की दुकानांच्या दारात खताच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात आणि गॅरेजच्या कोपऱ्यात हिवाळाभर पडून राहिलेले स्प्रेडर बाहेर निघतात. एडिसनच्या अपार्टमेंटमधून सॉमरसेट किंवा हंटरडन काउंटीतील मोठ्या घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वाट्याला घराबरोबर अर्धा-पाऊण एकर जागाही येते. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एवढ्या जागेत हाताने ढकलायचा स्प्रेडर फिरवणे जिकिरीचे होते, आणि मग लॉन ट्रॅक्टरमागे जोडून ओढायचा स्प्रेडर घेतला जातो.

या यंत्राला स्वतःचे इंजिन नसते, पाते नसते. त्यामुळे त्याच्याकडे साधी हातगाडी म्हणून पाहिले जाते आणि माहितीपुस्तिका न उघडताच ते वापरात येते. परंतु भरलेला स्प्रेडर म्हणजे उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटणारे ओझे असते. त्याच्या झडपेतून गळणारा प्रत्येक दाणा पावसाबरोबर कुठेतरी पोहोचणार असतो. किती जागेवर किती वजनाचा माल पडला, हे ज्याला सांगता येते त्याच्याच हाती हे यंत्र सुरक्षित असते. पुढील सर्व सूचनांचा आधार हाच आहे.

यंत्राची रचना

शेतात मुठीने बी किंवा खत फेकण्याला ‘फोकून देणे’ म्हणतात. हा स्प्रेडर तेच काम चकतीच्या साहाय्याने करतो. वर नरसाळ्याच्या आकाराचे भांडे, म्हणजे हॉपर. त्याच्या तळाशी कमी-जास्त उघडणारी झडप. आणि झडपेखाली वेगाने फिरणारी पंखेदार चकती. ही चकती चाकांच्या आसावरून गिअरच्या साहाय्याने फिरते. हॉपरमध्ये माल साचून राहू नये म्हणून एक लहान ढवळणी असते. झडप उघडण्याचा दांडा किंवा दोरी ट्रॅक्टरच्या आसनापर्यंत आणलेली असते.

बहुतेक घरगुती नमुन्यांत दोन चाकांपैकी एकच चाक पिनने आसाला जखडलेले असते; दुसरे मोकळे फिरते, म्हणून वळणे सोपे जाते. ही एक बाब ध्यानात ठेवली की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. जखडलेले चाक ओल्या गवतावर घसरले तर चकती मंदावते, पण झडपेतून माल पडतच राहतो. पिन तुटली तर चाके फिरतात आणि चकती जागीच थांबते. घरी जुळणी करताना आस उलटा बसवला गेला तर चकती उलट्या दिशेने फिरते आणि माल एका बाजूला जातो.

जोडणी करताना

हॉपर रिकामा असतानाच स्प्रेडर ट्रॅक्टरला जोडावा आणि रिकामा असतानाच सोडवावा. भरलेल्या स्प्रेडरची पिन काढली की पुढचा दांडा झटक्याने उसळतो किंवा पायावर आदळतो; ओझे कोणत्या बाजूला कलले आहे यावर ते अवलंबून असते. जोडपिन घातल्यावर तिच्या टोकाला क्लिप लावल्याखेरीज जोडणी पूर्ण झाली असे समजू नये. खडबडीत जमिनीवर क्लिप नसलेली पिन उडून जाते.

जोडल्यावर हॉपर समतल दिसला पाहिजे. तो पुढे-मागे कलला असेल तर चकतीवर पडणाऱ्या मालाची जागा बदलते आणि पसरण असमान होते. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा असावी. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. हे लहान टायर मोटारीच्या मानाने फारच कमी दाबाचे असतात, आणि पेट्रोलपंपावरच्या पंपाने ते रिमवरून निसटून फुटू शकतात.

हॉपरची क्षमता वजनात दिलेली असते आणि ती यंत्राच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत सापडते. भांडे काठोकाठ भरता येते म्हणून ते भरावे असे नव्हे. खताने भरलेल्या हॉपरपेक्षा ओल्या वाळूने भरलेला तेवढाच हॉपर पुष्कळ जड होतो.

मोजमाप

गोणीवरचे तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी सांगतात. न्यू जर्सीत घरगुती वापरासाठी एका वेळी दर १,००० चौरस फुटांना एकूण ०.९ पौंड, आणि वर्षभरात ३.२ पौंड नत्राची मर्यादा आहे. गोणीवर ३०-०-१० असे लिहिले असेल तर ०.९ पौंड नत्रासाठी ३ पौंड खत लागते. अर्ध्या एकरात, म्हणजे २१,७८० चौरस फुटांत, घर, ड्राइव्हवे आणि झाडांचे वाफे वजा जाता हिरवळ १५,००० चौरस फूट उरली असे धरले, तर एका वेळचे खत ४५ पौंड होते. त्याहून एक पौंडही जास्त हॉपरमध्ये घालण्याचे कारण नाही. दिलेल्या जागेपलीकडे आपण खत टाकत नाही ना, याची ही सर्वांत सोपी तपासणी आहे.

झडपेचा आकडा गोणीवर छापलेला असतो, पण तो सुरुवातीचा अंदाज समजावा. आपले यंत्र आपणच तोलून घ्यावे. त्यासाठी प्रथम पसरणीची रुंदी काढावी. चाकांना जागा सोडून सारख्या आकाराचे उथळ खोके एका आडव्या रांगेत फूटभर अंतराने ठेवावेत आणि त्यांच्या मधून एकदा ट्रॅक्टर न्यावा. मध्यभागाच्या निम्मा माल ज्या खोक्यांत पडला, त्या दोन टोकांमधील अंतर म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये ठेवायचे अंतर. ते १० फूट निघाले तर १०० फुटांची एक फेरी म्हणजे १,००० चौरस फूट.

आता हॉपरमध्ये २० पौंड खत तोलून घालावे, १०० फुटांच्या तीन फेऱ्या शेजारी शेजारी माराव्यात आणि उरलेले खत ताडपत्रीवर काढून पुन्हा तोलावे. भारतात जाताना बॅगा तोलायचा काटा बहुतेक घरांत असतोच. तो येथे उपयोगी पडतो. उभे आणि आडवे असे दोनदा निम्म्या मात्रेने पसरायचे असेल तर एका दिशेला दर १,००० चौरस फुटांना दीड पौंड, म्हणजे तीन फेऱ्यांत साडेचार पौंड खत कमी झाले पाहिजे. जास्त गेले तर झडप थोडी मिटावी, कमी गेले तर उघडावी. चाचणीची जागा पुढे एकूण हिशोबातून वगळावी. निम्म्या मात्रेने दोन दिशांना पसरण्याचा लाभ असा की एखादी पट्टी चुकली तरी ती पूर्ण कोरडी राहत नाही, आणि एखादी दुहेरी झाली तरी गवत जळत नाही.

गवताचे बी खतापेक्षा हलके असते, म्हणून ते कमी अंतरावर पडते. माल बदलला की हे मोजमाप पुन्हा करावे.

चालवताना

अनेक उत्पादक ताशी ३ मैलांचा वेग सुचवतात. त्या वेगाने १०० फूट अंतर सुमारे २३ सेकंदांत कापले जाते. चकतीला चाकांपासून गती मिळते, परंतु झडपेतून माल आपल्या वजनाने पडतो. त्यामुळे ट्रॅक्टर हळू गेला की अरुंद पट्टीत दाट थर पडतो. जोरात गेला की रुंद पट्टीत विरळ. मोजमाप ज्या वेगाने केले, त्याच वेगाने काम करावे.

झडपेबाबतचा नियम एकच आहे : ट्रॅक्टर चालू लागल्यावर झडप उघडायची आणि थांबण्यापूर्वी मिटायची. उघड्या झडपेसह क्षणभर जरी थांबले तरी एका जागी ढीग पडतो. खतातील क्षार मुळांतील पाणी शोषून घेतात आणि तेथे पिवळा डाग उरतो. असे सांडलेले खत आधी गोळा करावे, आणि मगच त्या जागेवर भरपूर पाणी सोडावे. मागे जातानाही झडप मिटलेली हवी. झीरो-टर्न यंत्राने जागच्या जागी वळल्यास पुढचा दांडा टायरवर आपटतो. म्हणून वळण मोठे घ्यावे.

प्रथम कडेने दोन फेऱ्या मारून वळण्यासाठी पट्टी तयार करावी, आणि मग मधल्या भागात सरळ रेषेत जावे. या पट्टीत शिरताना झडप मिटावी. गवत कापण्याची पाती या काळात बंद असावीत. हातमोजे, बंद बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण ही नेहमीची तयारी. चुन्यासारखा धूळ उडवणारा माल असेल तर मुखपट्टीही हवी. वारा जोराचा असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

चकती अडली तर आसनावरून उतरून हात घालण्याचा मोह होतो. त्यापूर्वी इंजिन बंद, किल्ली हातात आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे. मागची चाके थोडी जरी ढकलली गेली तरी चकती फिरते.

उतार आणि मुले

अनेक लॉन ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत १५ अंशांहून अधिक उतारावर जाऊ नये असे बजावलेले असते. हा उतार म्हणजे १० फूट आडव्या अंतरात सुमारे पावणेतीन फुटांचा चढ. मागे ओझे असताना ही मर्यादा आणखी खाली येते. उतरताना भरलेला स्प्रेडर ट्रॅक्टरला पुढे रेटतो; टायर घसरले की ब्रेकचा उपयोग राहत नाही आणि स्प्रेडर वळून ट्रॅक्टरवर येतो. म्हणून उतारावर हॉपर अर्धाच भरावा, ट्रॅक्टर सरळ वर-खाली न्यावा, मध्येच वळू नये आणि गिअर कधीही मोकळा सोडू नये. दवाने ओल्या झालेल्या गवतावर काम टाळावे. ज्या उतारावर मन साशंक होते, तेथे हाताने ढकलायचा स्प्रेडर वापरणे शहाणपणाचे.

मुलांना मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालवणे अनेकांना कौतुकाचे वाटते. गावाकडे बैलगाडीत बसल्याच्या आठवणी त्यामागे असतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला मात्र निःसंदिग्ध आहे : गवत कापायच्या ट्रॅक्टरवर मुलांना सोबत बसवू नये आणि १६ वर्षांखालील मुलाने तो चालवू नये. स्प्रेडरच्या दांड्यावर किंवा हॉपरच्या काठावर तर कोणीही बसता कामा नये. भारतातून आलेले आजी-आजोबा आणि लहान नातवंडे अंगणात असतील तर ती घरात गेल्याची खात्री करूनच इंजिन सुरू करावे. तणनाशक मिसळलेले खत असेल तर मुलांनी आणि पाळीव प्राण्यांनी हिरवळीवर केव्हा यावे हे गोणीवरच्या लेबलवर लिहिलेले असते. कीटकनाशके आणि तणनाशके यांच्या लेबलवरील सूचना पाळणे अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे.

पाणी आणि कायदा

न्यू जर्सीचा खत कायदा जानेवारी २०११ मध्ये मंजूर झाला. हिरवळीवरून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदामुळे बार्नेगॅट उपसागरासारख्या जलाशयांत शेवाळ माजते, ही चिंता त्यामागे होती. या कायद्यानुसार पाण्याच्या काठापासून २५ फुटांच्या आत खत घालता येत नाही. मालाला एका बाजूला रोखणारी आडपट्टी लावलेला फिरत्या चकतीचा स्प्रेडर, किंवा माल सरळ खाली सोडणारा स्प्रेडर वापरल्यास हे अंतर १० फूट होते. माती परीक्षणात गरज दिसल्याशिवाय, किंवा नवी हिरवळ लावत असल्याशिवाय, स्फुरदयुक्त खत वापरता येत नाही. हे परीक्षण रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. गोठलेल्या जमिनीवर, मोठ्या पावसाच्या तोंडावर आणि डांबरी अथवा सिमेंटच्या पृष्ठभागावर खत टाकण्यासही मनाई आहे.

ड्राइव्हवेवर पडलेले दाणे झाडूने गोळा करून पुन्हा गोणीत भरावेत. पाण्याने धुऊन लावू नयेत, कारण रस्त्याकडेच्या गटारातून ते थेट ओढ्यात जातात. लोहयुक्त खताचे सिमेंटवर गंजासारखे डाग पडतात. मोठ्या जागांवर अनेक घरांना स्वतःची विहीर आणि सेप्टिक टाकी असते. विहिरीजवळ हॉपर भरू नये आणि टाकीच्या झाकणावरून भरलेला स्प्रेडर नेऊ नये.

निगा

खत म्हणजे क्षार. ते हवेतील ओलावा शोषते, हॉपरमध्ये दगडासारखे घट्ट होते आणि लोखंडाला गंज चढवते. म्हणून उरलेला माल त्याच दिवशी गोणीत परत भरून तिचे तोंड घट्ट बांधावे. मग हॉपर, झडप, चकती आणि आस साध्या पाण्याने हिरवळीवरच धुवावेत. जोराच्या फवाऱ्याने गिअरपेटी धुऊ नये. आतले ग्रीस निघून जाते आणि पाणी शिरते. धुतल्यावर झडप उघडी ठेवून यंत्र पूर्ण वाळू द्यावे. त्यानंतर पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, म्हणजे साधारणतः चाकांच्या बुशमध्ये आणि आसाच्या टेकूंवर, तेल किंवा ग्रीस द्यावे.

दर हंगामाच्या आरंभी पिना, नट-बोल्ट, ढवळणी आणि झडपेची दोरी तपासावी. झडप पूर्ण मिटते का, हे मूठभर खत टाकून पाहावे. हिवाळ्यात स्प्रेडर उन्हापासून दूर, चाकांवरचे ओझे उतरवून ठेवावा. प्लास्टिकचा हॉपर उन्हाने ठिसूळ होतो.

पसरण बिघडली तर हिरवळच ते सांगते. गडद आणि फिकट पट्टे एकाआड एक दिसले तर फेऱ्यांमधील अंतर चुकले आहे. एकाच बाजूला गडद रंग असेल तर हॉपर कललेला आहे किंवा चकतीच्या पंख्यांवर माल चिकटला आहे. वळणावर पिवळे चट्टे आले तर झडप उशिरा मिटली. माल चकतीखाली नुसताच ओळीने पडत असेल तर चाकाची पिन किंवा गिअर पाहावा.

प्रत्येक वेळी तारीख, माल, झडपेचा आकडा आणि वापरलेले वजन एका वहीत लिहून ठेवावे. वर्षभराच्या ३.२ पौंडांचा हिशोब त्यातूनच लागतो, आणि पुढच्या मार्चमध्ये मोजमापाची सुरुवात अंदाजाने करावी लागत नाही.