शेतातले मनोरे आणि जमिनीखालची नहर

आज आपण खडकीला जाऊ. पुण्याजवळची नव्हे, खाम नदीकाठची, जिला पुढे औरंगजेबाने स्वतःचं नाव दिलं आणि जी आज छत्रपती संभाजीनगर आहे. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने ती वसवली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला होता. शहर वसवायचं तर पाणी हवं. त्यासाठी त्याने उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालून नहर आणली. तीच नहर-ए-अंबरी.

नहर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पाट येतो: तिकडे तलाव, इकडे गाव. इथे तसं नाही. वरच्या टप्प्यात ही नहर पाणी नुसतं वाहून नेत नाही, ती ते गोळा करते. जमिनीतलं पाणी झिरपून भुयारात येतं आणि बेताच्या उताराने शहराकडे निघतं. मोट नको, रहाट नको. वाटेत ठरावीक अंतरावर उभी भोकं ठेवलेली, हवा खेळायला आणि गाळ काढणारा माणूस आत उतरायला. त्यांची तोंडं वर बांधून काढली, तेच शेतातले मनोरे.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही डोंगरावरचा धूर आणि आग हे उदाहरण वर्षानुवर्षं घासलं. तोच नियम इथे लावा. एकटं बांधकाम दिसलं म्हणून खाली नहर आहे असं म्हणू नये, ती बुजलेली विहीरही असेल. तीन-चार एका रांगेत दिसले आणि ती रांग उताराशी जुळली, मग अनुमान टिकतं.

आता खरी अडचण. या नहरीचा अवशेष म्हणायचं कशाला? वीट-चुन्याला? आम्हाला वाटतं, भोवतालच्या जमिनीतल्या ओलीलाही. शेजारी खोल बोअर पडल्या, भूजल भुयाराच्या तळाखाली गेलं, तर एक वीट न हलता नहर मेली. शहरात तुम्ही कितीही डागडुजी करा! आणि बोअर घेणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? त्याचंही पीक जळतंच आहे. दोघांचं पाणी एकच, हिशेब मात्र कुणी एकत्र मांडत नाही.

म्हणून नहरीचा नकाशा करणाऱ्यांनी प्रत्येक मनोऱ्यासोबत जवळच्या विहिरीची पातळीही लिहावी, उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यानंतरची. दोरी आणि दगड एवढं सामान पुरतं.