लिव्होर्नोची सनद

शहर परक्यांना कशाने ओढते, असे विचारले तर बंदर, बाजार आणि मजुरी ही उत्तरे ठरलेली. ती खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्होर्नोचा इतिहास चौथी गोष्ट सांगतो. ती म्हणजे लेखी अभय.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे दलदलीतले, हिवतापाने पोखरलेले लहानसे ठाणे होते. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो मेदिची याने १५९१ व १५९३ साली सनदा काढून सर्व राष्ट्रांच्या व्यापाऱ्यांना तेथे बोलावले. त्यांचा मुख्य रोख ज्यूंवर होता. स्पेनने १४९२ साली आपल्या ज्यूंना देश सोडण्यास अवघे चार महिने दिले होते. लिव्होर्नोची सनद २५ वर्षांची. आणि ती मोडायची झाल्यास ५ वर्षांची आगाऊ नोटीस! शिवाय धर्माची झडती नाही, अंगावर वेगळी खूण नाही, घर घेण्याची मुभा, आपसांतल्या तंट्यांना आपले पंच. इतर इटालियन शहरांप्रमाणे ज्यूंना कोंडणारी वेगळी वस्ती येथे झाली नाही.

पन्नासएक वर्षांत गाव दहा हजारांवर गेले. पुढे येथल्या ज्यू पेढ्या भूमध्यसागरातले पोवळे लिस्बनमार्गे गोव्यास धाडीत आणि तेथील हिंदू व्यापाऱ्यांकडून हिरे मागवीत. ज्या गोव्यात इन्क्विझिशनमुळे ज्यूला उघडपणे नांदता येत नव्हते, त्या गोव्याशी हा व्यापार चालला!

पण कामगाराने सनद उलटी करूनही पाहावी. तिच्या आमंत्रितांत तुर्क आणि मूर यांचीही नावे होती. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक आले ते समुद्रावर पकडलेले गुलाम म्हणून. ते गलबतांची वल्ही मारीत, बंदरात राबत आणि रात्री कोठडीत कोंडले जात. तेथे नमाजाला जागा होती. दाराला कुलूपही होते. फेर्दिनांदोच्या पुतळ्याच्या पायाशी साखळदंडांतले चार मूर आजही बंदराजवळ उभे आहेत.

भांडवल घेऊन येणाऱ्यास नोटीस, हात घेऊन येणाऱ्यास कुलूप, हा भेद अजून सरलेला नाही. आखातात गेलेल्या आपल्या कोकणी गवंड्याचा पासपोर्ट मालकाच्या पेटीत अडकतो, तेव्हा तीच कोठडी पुन्हा उभी राहते. परक्याला आपले म्हणणाऱ्या शहराची परीक्षा पेढीवर होत नाही. ती धक्क्यावर होते.