फलनाचा प्रांत आणि व्याप्ती

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेला युरोपचा ‘आरियान ५’ हा अग्निबाण सुमारे ४० सेकंदांतच आकाशात नष्ट झाला. चौकशी मंडळाचे अध्यक्ष झाक-लुई लिओन्स हे स्वतः गणितज्ञ होते. दिशादर्शन यंत्रणेतील आज्ञावली आडव्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलत होती. अशा पूर्णांकात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच संख्या मावतात. आधीच्या ‘आरियान ४’च्या उड्डाणांत ही मर्यादा पुरेशी होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग फार लवकर वाढत असे, तरी आज्ञावली जुनीच ठेवली गेली. बीजगणिताच्या भाषेत सांगायचे, तर फलनाला त्याच्या प्रांताबाहेरची संख्या दिली गेली होती.

क्रमित जोड्यांचा कोणताही संच म्हणजे संबंध. जोड्यांतील पहिल्या घटकांचा संच हा त्या संबंधाचा प्रांत आणि दुसऱ्या घटकांचा संच ही त्याची व्याप्ती. इंग्रजीतील ‘डोमेन’ आणि ‘रेंज’ ते हेच. प्रांतातील प्रत्येक घटकाला एक आणि एकच जोडीदार असेल, तर तो संबंध फलन ठरतो. महाराष्ट्रातील प्रत्येक तालुका एकाच जिल्ह्यात मोडतो, म्हणून ‘तालुक्याचा जिल्हा’ हे फलन होय. उलट ‘जिल्ह्याचा तालुका’ हा नुसता संबंध, कारण पुणे म्हटले की अनेक उत्तरे येतात. राज्यातील ३६ जिल्ह्यांचा संच हा या फलनाचा सहप्रांत; व्याप्ती मात्र ३५ जिल्ह्यांचीच, कारण मुंबई शहर जिल्ह्यात एकही तालुका नाही. उत्तरे जिथून येऊ शकतील तो सहप्रांत आणि प्रत्यक्षात जी येतात ती व्याप्ती, हा भेद विद्यार्थी नेहमी विसरतात.

ऑयलरने १७४८ मध्ये फलनाची कल्पना सूत्राच्या आधारे मांडली होती. डिरिक्ले याने १८३७ मध्ये ती सूत्रापासून सोडवली: क्ष च्या प्रत्येक किमतीशी य ची एक निश्चित किंमत जोडलेली असली की पुरे, मग सूत्र असो वा नसो. साहजिकच क्ष च्या किमती कोणत्या, हे सांगणे व्याख्येचाच भाग झाले.

प्रांत दिलेला नसेल, तर ज्या वास्तव संख्यांसाठी सूत्राला अर्थ आहे, त्या सर्व घेण्याचा संकेत आहे. छेद शून्य नको, वर्गमुळाखाली ऋण संख्या नको, लॉगॅरिदम फक्त धन संख्येचा. शालेय उदाहरणांत बहुधा एवढेच तपासावे लागते. मात्र ही तपासणी सूत्राला संक्षिप्त रूप देण्याआधी करावयाची असते. (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) यात समान अवयव काटला की क्ष + ३ उरते आणि सर्व काही निर्धोक वाटू लागते. मूळ सूत्रात क्ष = ३ घेता येत नाही; म्हणून प्रांतातून ३ जाते आणि व्याप्तीतून ६. आलेखाच्या सरळ रेषेत तेवढे एक छिद्र राहते. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथे.

व्याप्ती शोधणे अधिक कठीण, कारण तिथे प्रश्न उलटा असतो: य ची अमुक किंमत कोणत्या तरी क्ष पासून मिळते का? एक मार्ग म्हणजे समीकरण क्ष साठी सोडवणे. य = (२क्ष + १) ÷ (क्ष − ३) यावरून क्ष = (३य + १) ÷ (य − २) मिळते. म्हणजे य ची किंमत २ कधीच होत नाही. बाकी सर्व होतात.

वर्गसूत्रात पूर्ण वर्ग करणे सोयीचे. क्ष² − ४क्ष + ७ म्हणजेच (क्ष − २)² + ३. म्हणून व्याप्ती ३ आणि त्यापुढील सर्व संख्या. हाच प्रांत ० ते ५ असा आखून दिला, तर पुष्कळ जण दोन्ही टोकांच्या किमती काढून ७ ते १२ असे उत्तर लिहितात. आलेखाचा तळ क्ष = २ येथे, म्हणजे मधेच आहे; खरी व्याप्ती ३ ते १२.

आलेख समोर असेल, तर त्याची क्ष-अक्षावरील सावली हा प्रांत आणि य-अक्षावरील सावली ही व्याप्ती. क्ष² + य² = ९ या वर्तुळाच्या दोन्ही सावल्या −३ ते ३ अशाच पडतात. परंतु उभी रेषा वर्तुळाला दोन ठिकाणी छेदू शकते, म्हणून हे फलन नव्हे. वरचे अर्धवर्तुळ तेवढे घेतले, तर य = √(९ − क्ष²) हे फलन मिळते; प्रांत तोच राहतो, व्याप्ती ० ते ३ होते.

व्यावहारिक उदाहरणात प्रांत सूत्रावरून नव्हे, तर परिस्थितीवरून ठरतो. ४० मीटर कुंपणाने आयताकृती जागा वेढायची असून एक बाजू क्ष मीटर असेल, तर क्षेत्रफळ क्ष(२० − क्ष) चौरस मीटर. सूत्राला क्ष = २५ सुद्धा चालते, पण क्षेत्रफळ उणे १२५ येते! प्रांत ० आणि २० यांच्या दरम्यानचा, दोन्ही टोके वगळून. व्याप्ती ० पेक्षा मोठ्या आणि १०० पर्यंतच्या संख्यांची. त्यातील १०० हे क्षेत्रफळ जागा चौरस असतानाच मिळते.