शेजाऱ्यांच्या वाय-फायचा अडथळा : राऊटरचे चॅनेल कसे बदलावे?

दिवसभर सुरळीत चालणारे घरातील इंटरनेट रात्री नऊच्या सुमारास रडतखडत चालू लागते, ही शहरातील अनेक सदनिकाधारकांची नित्याची तक्रार आहे. पुरवठादाराला दूरध्वनी केल्यास ‘आमच्याकडून लाइन ठीक आहे’ असे उत्तर मिळते आणि पाठोपाठ अधिक वेगाच्या, अर्थातच अधिक भाड्याच्या, योजनेचा आग्रह होतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा बाहेरून येणाऱ्या तारेत नसून राऊटर आणि संगणक यांच्यामधील दहा-पंधरा फुटांच्या हवेत असतो. तसे असल्यास महागडी योजना घेऊनही काडीचा फरक पडत नाही.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी एक चाचणी करावी. ज्या वेळी त्रास होतो नेमक्या त्याच वेळी संगणक तारेने थेट राऊटरला जोडून वेग मोजावा. मग तार काढून, त्याच खोलीत बसून, वाय-फायवर मोजावा. तारेवरही वेग कमीच भरला तर पुरवठादाराला जाब विचारावा. तारेवर पुरेपूर आणि हवेत मात्र खडखडाट असेल, तर चॅनेलकडे वळावे.

घरगुती वाय-फायचा जुना आणि सर्वाधिक गर्दीचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने १९८५ मध्ये तो विनापरवाना संदेशवहनासाठी खुला केला. भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीची साधने परवानामुक्त झाली. या मोकळीकीला एक अट आहे, ती ग्राहकांना सहसा ठाऊक नसते : परवाना नाही, तसे संरक्षणही नाही. शेजाऱ्याच्या राऊटरमुळे आपले वाय-फाय अडखळले तरी त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. शिवाय याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते.

या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. आकडे तेरा असले तरी जागा तेरा नाहीत. शेजारशेजारच्या चॅनेलांच्या मध्यबिंदूंत अवघे ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, तर एका राऊटरचे प्रक्षेपण किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल जेमतेम तीन उरतात : १, ६ आणि ११.

येथे अनेकजण चुकतात. १, ६, ११ या तिन्हींवर गर्दी दिसली की ‘३ वर कोणीच नाही’ म्हणून ते ३ निवडतात. एकाच चॅनेलवरील दोन राऊटर एकमेकांचे बोलणे ऐकू शकतात आणि आळीपाळीने बोलतात; वेग वाटला जातो, पण शिस्त राहते. ३ वरील राऊटरला १ आणि ६ वरील संदेश नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतो. संदेश बिघडतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि आपल्यासह दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचे नुकसान होते. तिन्हींपैकी जेथे शेजाऱ्यांचे संदेश सर्वांत क्षीण असतील, ते निवडावे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरील वाय-फाय अॅनालायझर प्रकारची मोफत अॅप हे आलेखात दाखवतात.

प्रत्यक्ष बदल पाच मिनिटांचा आहे. ब्राउझरमध्ये राऊटरच्या तळाशी छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) इंग्रजी अंकांत टंकावा. तेथेच छापलेले नाव व पासवर्ड देऊन आत जावे आणि ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ या विभागात चॅनेल ‘ऑटो’वरून हव्या आकड्यावर आणावे. जवळच ‘चॅनेल विड्थ’ असते, २.४ च्या पट्ट्यात ती २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केल्यास दाटीच्या इमारतीत वेग वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता अधिक. ‘सेव्ह’ केल्यावर जोडणी क्षणभर तुटते व पुन्हा येते. काही पुरवठादारांनी हे पान कुलूपबंद केलेले असते, तेव्हा त्यांच्याकडूनच बदल करवून घ्यावा. राऊटरच्या मागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटण मात्र दाबू नये. त्याने पुरवठादाराने भरलेली माहिती पुसली जाते आणि इंटरनेट पुरतेच बंद पडते. आत गेलोच आहोत तर ‘अॅडमिन’चा मूळ पासवर्डही बदलून घ्यावा.

१२ व १३ ही चॅनेल मोकळी दिसली तरी जपून. अमेरिकेत ती सर्रास वापरली जात नसल्याने तिकडील नातेवाइकांनी आणलेल्या काही लॅपटॉपांना असे वाय-फाय दिसतच नाही.

राऊटर दोन पट्ट्यांचा असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरणे अधिक श्रेयस्कर. ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी भारतात या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाला असून तेथे एकमेकांवर न येणारी चॅनेल पुष्कळ आहेत. मात्र या लहरी भिंतींपुढे लवकर हार मानतात. दोन खोल्यांपलीकडे २.४ च उपयोगी. ५२ ते १४४ ही चॅनेल रडारांच्या पट्ट्यात येतात, त्यामुळे अनेक राऊटर तेथे आधी निदान मिनिटभर कानोसा घेतात. चॅनेल बदलल्यावर वाय-फाय लगेच दिसले नाही, तर घाबरून तारा उपसू नयेत.

नवे चॅनेल लावल्यावर वेग पुन्हा रात्री नऊलाच मोजावा. दुपारी शेजारी कार्यालयांत असतात, तेव्हाचा आकडा फसवा ठरतो.