गिरणगावाला परवडलेला परदेश : इराण्याचे हॉटेल

परदेशी चव म्हणजे महागडी चैन, हे समीकरण मुंबईत इराण्यांनी फार पूर्वीच मोडले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द व केरमान या भागांतून अनेक जरथुष्ट्री कुटुंबे मुंबईत आली. मागे छळ होता, दारिद्र्य होते. इथे आधीच स्थिरावलेल्या पारशांचा आधार होता. त्यांपैकी काहींनी चहाची दुकाने थाटली. धोबी तलावचे ‘कयानी’ १९०४ चे, ‘ससानियन’ १९१३ चे; गिरगावातून दोन्ही चालत गाठता येतात.

हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळत, ती रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा इराण्यांनी घेतली, असे नेहमी सांगितले जाते. समजूत कशीही असो, दोन रस्त्यांवरून दिसणारे दुकान धंद्याला सोयीचेच!

खरे नवल आत होते. खाणावळी जातीपातीच्या आणि रेल्वे फलाटावर हिंदू-मुसलमानांचे पाणीही वेगळे, असा तो काळ. इराण्याकडे मात्र संगमरवरी टेबलाशी अनोळखी माणसासमोर बसून चहा प्यायचा. परळ-लालबागच्या कामगाराला तो परवडेही.

पदार्थही निव्वळ इराणी राहिले नाहीत. तिकडचा कोरा चहा इथे दुधासाखरेचा झाला. ज्याला मस्का फासायचा, त्या पावाचे नाव पोर्तुगीज. बॅलार्ड इस्टेटच्या ‘ब्रिटानिया’त (१९२३) तर इराणी झरेश्क-पुलावाला मुंबईचा मसाला लागला आणि बेरी पुलाव जन्मला.

पुढे जागांचे भाव चढले, नव्या पिढीने इतर व्यवसाय धरले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि पाळी सुटल्यावर चहाला येणारा गिऱ्हाईकही पांगला. ‘कयानी’त ब्रून-मस्का अजून मिळतो.