घोरणाऱ्याजवळ कुणीतरी जागं राहिलं तेव्हा...

"डॉक्टर, रात्रभर झोपतो तरी दिवसा डोळे मिटतात. बी-ट्वेल्व्ह आणि व्हिटॅमिन डी तपासू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. तपासायला माझी हरकत नसते. पण मी उलट विचारतो, "घोरता का?" पेशंट म्हणतो, "छे!" आणि शेजारी बसलेली बायको कपाळाला हात लावते.

स्वतःचं घोरणं स्वतःला ऐकू येत नाही. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबणं, हा आजार ओळखायला इतका उशीर झाला तो मुख्यतः यामुळेच.

चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ सालच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा लठ्ठ पोरगा आहे. तो कामावर असतानाच झोपतो, जेवण वाढतानाही घोरतो. वाचक हसले. त्यानंतर सव्वाशे वर्षं, म्हणाल तर, डॉक्टरांनीही फारसं वेगळं काही केलं नाही. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका ५१ वर्षांच्या व्यावसायिकाची हकिगत छापली. वजन ११८ किलोच्या आसपास. पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे जिंकण्यासारखा डाव, आणि हे गृहस्थ बसल्याजागी ढाराढूर! त्यानंतरच ते हॉस्पिटलात गेले. बर्वेलनी डिकन्सची आठवण ठेवून या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटलं. चरबीमुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून गुंगी येते, असा त्यांचा तर्क होता. तो पूर्ण चूक नव्हता. पण पेशंटला तपासलं होतं ते जागेपणी.

१९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा पेशंटना तारा जोडून झोपवलं आणि त्यांचे श्वास व मेंदूच्या लहरी नोंदवल्या. श्वास पुन्हा पुन्हा थांबत होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट बंद होते. छाती धडपडते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरण्यासह श्वास सुटतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. पुढे कळलं की हा त्रास सडपातळ माणसांनाही होतो.

धमन्यांचा धागा सापडला इटलीत, बोलोन्याला. तिथे लुगारेसी आणि कोकान्या यांनी झोपलेल्या पेशंटचा रक्तदाब सतत मोजला. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो. यांचा मात्र प्रत्येक अडलेल्या श्वासाबरोबर चढत होता. त्या काळी उपाय होता गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडी ठेवण्याचा. गुण यायचा, पण किंमत केवढी!

१९८० मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांच्याकडे एक बांधकाम कामगार होता. त्यालाही हाच छिद्राचा सल्ला मिळाला होता. सलिव्हननी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीने हवा ढकलली आणि चिकटवलेल्या मास्कमधून ती त्याच्या नाकात सोडली. हवेच्या दाबाने घसा उघडा राहिला, माणूस सलग झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. १९८१ मध्ये पाच पेशंटचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. आजचं सीपॅप मशीन त्याचंच वंशज.

मग प्रश्न आला, दोष लठ्ठपणाचा की अडलेल्या श्वासाचा? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या २००० सालच्या अभ्यासात वजन, वय, धूम्रपान यांचा हिशेब वजा करूनही, ज्यांचा श्वास तासाला १५ किंवा जास्त वेळा अडतो त्यांच्यात चार वर्षांनी उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. ऑक्सिजन उतरला की अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि धमनीच्या आतल्या अस्तराला सूज येते. हे रोज रात्री, वर्षानुवर्षं.

पण खरं तेच सांगतो. आधीपासून हृदयविकार वा पक्षाघात असलेल्या सुमारे २७०० लोकांवरच्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत सीपॅपमुळे हार्ट अटॅक वा पक्षाघात कमी झाले नाहीत. झोप आणि दिवसाची तरतरी मात्र सुधारली. मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही वापरलं गेलं नव्हतं, हेही लक्षात घ्या.

आणि व्हिटॅमिन डी? अ‍ॅप्नियाच्या पेशंटमध्ये ते अनेकदा कमी सापडतं. पण लठ्ठ आणि उन्हात न जाणाऱ्या माणसात ते तसंही कमीच असतं. कमी असेल तर जरूर भरून काढा. त्या गोळीने घसा उघडा राहत नाही.

'हा आजार गोऱ्या लोकांचा' असं समजू नका. मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांच्या २००४ सालच्या अभ्यासात झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के होतं. दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांना होता.

तेव्हा रक्त तपासायला याल त्याआधी घरच्यांना एक रात्र तुमच्याजवळ जागायला सांगा. घोरता घोरता मध्येच शांतता आणि मग दचकून श्वास, असं दिसलं तर मोबाइलवर तेवढं टिपून आणा.